भिंतीला टेकवलेलं दार

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी 'ताई, तुमच्या नोकरीबद्दल काहीतरी लिहा' असा फोन आला, तेव्हा मी आधी विचारलं, नंबर बरोबर लावलाय ना? कारण आमच्या मंडळात नोकरी म्हणजे डब्लिनच्या ग्रँड कॅनाल डॉकवरच्या आयटीच्या काचेच्या इमारती, नाहीतर लिक्सलिपचा चिपचा कारखाना. मी अठरा वर्षं मलिंगारच्या बाहेर एका सुताराच्या वर्कशॉपमध्ये बसून लोकांकडे दारांचे पैसे मागितले. हळदीकुंकवाला कोणी विचारलं, 'तुम्ही कशात आहात?' तर मी सांगायची, 'दारांमध्ये.' समोरची बाई 'अच्छा, अच्छा' म्हणत तिळगूळ हातावर ठेवून पुढे सरकायची.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी कोणी भांडायला नको. या नोकरीत मी एक काम केलं, किंवा केलं नाही, आणि ते बरोबर होतं की चूक हे मला आजतागायत कळलेलं नाही. लिहिता लिहिता उलगडेल असं वाटलं होतं. उलगडलं नाही.

मी नागपूरची. माझे बाबा छोटे सरकारी ठेकेदार होते, शाळांच्या खोल्या बांधायचे. मी सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि लग्नापर्यंत त्यांची बिलं केली. मग श्रीकांतशी लग्न झालं, त्याची आयटीतली नोकरी आम्हाला डब्लिनला घेऊन आली, आणि डब्लिनच्या भाड्यांनी आम्हाला मलिंगारला नेऊन टाकलं. तो सकाळची ट्रेन पकडून जायचा, आणि मी घरात प्रेसमधले डबे पुसत बसायची. (इथे कपाटाला प्रेस म्हणतात. पहिले सहा महिने मी इस्त्री शोधत होते.) एक दिवस दुकानातल्या फळ्यावर चिठ्ठी दिसली: सुतारकामाच्या वर्कशॉपला ऑफिसात माणूस हवाय.

वर्कशॉपचा मालक डेक्लन. तेव्हा पन्नाशी ओलांडलेला, भुवयांवर कायम लाकडाचा भुसा, आणि बोलणं मोजून मापून. त्यानं माझा बायोडेटा पाहिलाच नाही. मला शेडमध्ये नेलं, हातात टेप दिली आणि म्हणाला, "हे दार मोज." मी मोजलं. मग दुसऱ्या बाजूनं मोजलं आणि म्हटलं, "वरच्यापेक्षा खाली तीन मिलिमीटर कमी आहे." तो म्हणाला, "आजपर्यंत आलेल्या सगळ्यांनी एकाच बाजूनं मोजलं. सोमवारपासून ये, शुबा." शुभदाचं शुबा त्या दिवशी झालं ते झालंच.

त्याला माझ्यासारखं माणूस का हवं होतं, ते मला आठवड्यात कळलं. डेक्लन दार असं करायचा की बोटानं ढकललं तर फुलासारखं फिरावं, पण पैसे मागायची वेळ आली की हा भला थोरला माणूस कानापर्यंत लाल व्हायचा. फोन उचलायचा, हवापाण्याबद्दल बोलायचा, समोरच्याच्या गाईंची चौकशी करायचा आणि फोन ठेवून द्यायचा. मग माझ्याकडे बघून म्हणायचा, "युअर मॅन देईल गं." इथे 'युअर मॅन' म्हणजे तो, ज्याचं नाव घ्यायचं नाही असा कोणीही. आमचे बरेच पैसे या युअर मॅनकडे अडकलेले असायचे.

आता हा धंदा थोडक्यात समजावून सांगते. तुम्ही मोटरसायकल दुरुस्तीला टाकली, तर पैसे घेतल्याशिवाय मेकॅनिक किल्ली देत नाही. शिंपी ब्लाउज देत नाही. माल त्याच्या ताब्यात असतो, म्हणून त्याला झोप लागते. बांधकामात उलटं. आपलाच माल घेऊन आपण दुसऱ्याच्या घरी जायचं, तिथे तो ठोकून, चिकटवून, बसवून यायचं, आणि घरी परत आल्यावर म्हणायचं, आता पैसे द्या.

माझा मावसभाऊ अमेरिकेत बांधकामातच आहे. त्याला पहिल्या वर्षी रडत रडत हे सांगितलं, तर तो म्हणाला, "रडतेस काय? लीन टाक की!" म्हणजे तिकडे कारागिराचे पैसे बुडवले, तर तो सरकारदरबारी थेट त्या इमारतीवरच आपला हक्क नोंदवतो. पैसे चुकते होईपर्यंत मालकाला ती इमारत धड विकता येत नाही. मला इतका आनंद झाला! दोन दिवस मी तो फॉर्म शोधत होते. शेवटी गावातल्या वकिलाकडे गेले. म्हातारा गृहस्थ, त्यानं चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ते अमेरिकेत, बाई. इथे इमारतीला हात लावता येत नाही. इथे माणसाकडेच मागायचं."

मी तोंड पाडून परत आले. डेक्लननं ऐकून घेतलं आणि मला परत शेडमध्ये नेलं. तिथे एक दार भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं, शेजारच्या चौकटीत दुसरं बसवलेलं. त्यानं टेकवलेल्या दारावर टकटक केलं. "हे कोणाचं?" मी म्हटलं, आपलं. मग बसवलेल्या दारावर टकटक केलं. "आणि हे?" मी म्हटलं, हेही आपलंच, पैसे कुठे मिळालेत? त्यानं मान हलवली. "नाही. चौकटीत बसलं की ते इमारतीचं. भिंतीला टेकवलेलं आहे तोवर आपलं."

आमच्या प्रत्येक बिलाच्या तळाशी एक ओळ छापलेली होती, पैसे पूर्ण मिळेपर्यंत माल आमचा राहील. ती ओळ फक्त टेकवलेल्या दारांना वाचवायची. बिजागरीचे स्क्रू आवळले गेले की ती ओळ संपली. अठरा वर्षांची माझी अक्कल एवढ्यातच आली.

अर्थात आपली माणसं भेटली की तेवढीही अक्कल चालायची नाही. लिक्सलिपच्या एका मराठी जोडप्यानं डेक्लनकडून ओकचं देवघर करून घेतलं. सुंदर झालं होतं, कळसासकट. पैसे मात्र येईनात. मी फोन केला की, "अहो ताई, आपल्याच आहात ना तुम्ही!" आपली म्हणूनच फोन करून राहिले होते ना मी! डेक्लन म्हणाला, "स्क्रूनं भिंतीला लावलंय?" मी म्हटलं, "नाही, नुसतं ठेवलंय." "मग आपलंच आहे. व्हॅन घेऊन जा आणि घेऊन ये."

"तसं नाही करता येत, डेक्लन. त्यात आता गणपती बसलाय."

तो विचारात पडला. "किती दिवस बसणार?"

"कायमचा."

डेक्लननं डोकं खाजवलं. "म्हणजे स्क्रूपेक्षा पक्कं," तो म्हणाला आणि कामाला निघून गेला. पैसे आले शेवटी, दिवाळीत, चकलीच्या डब्यासकट. चकली त्याला इतकी आवडली की पुढे दर वर्षी विचारायचा, ते देववाले लोक अजून एखादं कपाट करत नाहीत का म्हणून.

हे हसण्यावारी गेलं. पुढचं जात नाही.

मध्यंतरी इथे बांधकामाच्या पैशांचा नवा कायदा आला. इमारतीवर हक्क त्यानंही दिला नाही, पण माणसाला धरायला चार काठ्या दिल्या. पैसे मागायचे ते रीतसर नोटीस देऊन. समोरच्याला हरकत असेल तर त्यानं एकवीस दिवसांत लेखी कारण द्यायचं. ठरल्या तारखेला पैसे आले नाहीत तर सात दिवसांची लेखी सूचना देऊन आपण काम थांबवू शकतो. आणि वाद विकोपाला गेला तर एक निवाडा करणारा नेमायचा, त्यानं महिन्याच्या आत निर्णय द्यायचा. आधी पैसे द्या, मग हवं तेवढं भांडा, असा सगळा बेत. मी ते कलम न कलम पाठ केलं होतं. तारखा चुकवायच्या नाहीत हेच माझं काम, आणि मी एकही तारीख चुकवत नसे. हे लक्षात ठेवा.

गावाबाहेर एक नर्सिंग होम बांधलं जात होतं, म्हाताऱ्या माणसांना ठेवतात तसलं. बांधणारा फिंटन, आमचा जुना ओळखीचा ठेकेदार. दारांचं काम आमच्याकडे. आग लागली तर अडवून धरणारी जाड दारं, वर एक लोखंडी हात, उघडून सोडलं की आपोआप मिटणारी. आमच्यासाठी एवढं मोठं काम पहिल्यांदाच. डेक्लननं लाकूड उधारीवर उचललं, चार माणसं जादा घेतली. दोन मजल्यांची दारं लागली. पैसे आले नाहीत. मी नोटीस दिली, एकवीस दिवस गेले, हरकतही आली नाही आणि पैसेही नाहीत. फिंटन म्हणायचा, "पुढच्या आठवड्यात, शुअर." मग कानावर आलं की रंगवाल्यानं त्याला माल देणं बंद केलंय आणि क्रेनवाला आपली क्रेन घेऊन गेलाय.

तेव्हा तिसऱ्या मजल्याची बावीस दारं त्या इमारतीच्या हॉलमध्ये पोचलेली होती. भिंतीला टेकवून ठेवलेली. म्हणजे आपली.

सोमवारी सकाळी मी दोन पत्रं तयार केली. एक, सात दिवसांनी आम्ही काम थांबवतोय. दुसरं, ही बावीस दारं आमची आहेत, ती कोणी बसवू नयेत, आम्ही ती परत नेतोय. डेक्लननं वाचून सह्या केल्या. सही करताना त्याचा चेहरा असा झाला होता की जणू स्वतःच्याच घरावर जप्ती आणतोय. "ही दारं परत आली तर आपण तरतो," तो म्हणाला. "ती दुसऱ्या कामात खपतील. नाही आली तर मला मागचं शेत विकावं लागेल." वर्कशॉपमागचं शेत त्यानं मुलीच्या घरासाठी राखून ठेवलं होतं.

मी पत्रं स्वतः नेऊन देणार होते. कोट घातला, तेवढ्यात स्थानिक रेडिओवर मृत्यूच्या बातम्या लागल्या. इथे रोज लागतात, आणि सगळे हातातलं काम थांबवून ऐकतात. फिंटनची आई गेली होती.

डेक्लननं करवत बंद केली. "आता नको," तो म्हणाला. "आधी म्हातारीला पुरू दे."

मंगळवारी आम्ही सगळे तिच्या घरी गेलो. तुम्ही इथला वेक पाहिला नसेल तर सांगते. दिवाणखान्यात उघड्या शवपेटीत म्हातारी, हातात जपमाळ, आणि दारापासून फाटकापर्यंत लोकांची रांग. प्रत्येकानं घरच्यांचा हात हातात घ्यायचा आणि एकच वाक्य म्हणायचं, 'सॉरी फॉर युअर ट्रबल.' बस्स. मग स्वयंपाकघरात चहा आणि सँडविच. ज्या माणसानं आपले पैसे बुडवत आणले होते, त्याला डेक्लननं छातीशी धरलं. आमचा दारं बसवणारा पॉडी, दाढीवाला आडदांड गडी, ढसाढसा रडला. मी हात पुढे केला, ते वाक्य म्हटलं. फिंटन माझा हात सोडेचना. डोळे लाल झालेले. आईच्या पेटीशेजारी उभं राहून म्हणाला, "दारं फार सुरेख झाली आहेत, शुबा."

घरी येऊन मी डोक्यावरून आंघोळ केली. श्रीकांतनं विचारलं, "कोण गेलं?" मी म्हटलं, "युअर मॅनची आई."

गुरुवारी म्हातारीला पुरलं. शुक्रवारी सकाळी मी ऑफिसात आले, ड्रॉवर उघडला, पत्रं बाहेर काढली. आणि मला माझे बाबा आठवले.

बाबा गेले तेव्हा त्यांची सरकारी बिलं अडकलेली होती आणि लोखंडवाल्याचं देणं होतं. चौथ्या दिवशी लोखंडवाला फाटकात उभा. आई म्हणाली, "आज नका येऊ जी, घरात सुतक आहे." तो म्हणाला, "मलाही पोरंबाळं आहेत, वहिनी," आणि व्हरांडा ओलांडून आत आला. आईनं दहाव्यासाठी बाजूला काढून ठेवलेले पैसे त्याला देऊन टाकले. पैसे गेल्याचं ती पुढे कधी बोलली नाही. पण शेवटपर्यंत सांगायची, "तो चप्पल घालून आत आला गं." मी तेव्हा कोपऱ्यात बसून बाबांच्या अडकलेल्या बिलांची यादी करत होते. मनात म्हटलं होतं, मी जन्मात कोणाच्या दारात अशी जाणार नाही.

आता माझ्या हातात ती पाकिटं, आणि फिंटनची आई जाऊन पाचवा दिवस. ऑफिसच्या भिंतीवर मी नागपूरहून आणलेलं मराठी कॅलेंडर होतं. मी बोटानं दिवस मोजले आणि तेराव्यानंतरच्या सोमवारवर पेन्सिलीनं टिंब केलं. पत्रं ड्रॉवरमध्ये परत ठेवली. तेरावा होऊन जाऊ दे, मग जाईन. माणुसकी म्हणून काही आहे की नाही?

दुपारी डेक्लननं शेडमधून हाक मारली. "शुबा, ती पत्रं गेली ना?"

मी म्हटलं, "ग्रँड."

या देशात हा एक शब्द फार सोयीचा आहे. उत्तम, ठीक, चालेल, पुरे, मला यावर बोलायचं नाही, यातलं काहीही त्यात मावतं. डेक्लननं त्याला हवं ते घेतलं आणि परत करवत सुरू केली. त्या दिवसानंतर त्यानं विचारलं नाही. मी खोटं बोलले का? पुन्हा पुन्हा विचार करते. बाप्पा, शब्द तर त्यांचाच होता!

आणि पॉडी? पत्रं दिली की त्याला थांबवायचं आणि व्हॅन पाठवायची, हेही माझ्याकडेच होतं, त्यामुळे त्याला कोणी थांबवलंच नव्हतं. तो रोज साइटवर जात होता. उलट त्याचं मन असं विरघळलं होतं की शनिवारीसुद्धा गेला. "बिचाऱ्याची आई गेलीय," तो मला नंतर म्हणाला, "म्हटलं, निदान दारं तरी वेळेत लावून देऊ." एकेक करून बावीसच्या बावीस दारं त्यानं चौकटीत बसवली. मी ऑफिसात बसून सुतक पाळत होते आणि तो तिकडे स्क्रू आवळत होता.

टिंब केलेल्या दिवशी सकाळी मी पत्रं घेऊन साइटवर गेले. फाटकाला साखळी आणि कुलूप. वर एक कागद, कंपनी बुडाली, ताबा अमक्यातमक्याकडे. पॉडी फाटकाबाहेर उभा. त्याची हत्यारंसुद्धा आत अडकली होती. "सगळी बसवली गं मी," तो म्हणाला. "शनिवारी शेवटचं."

पलीकडे फिंटन आपल्या व्हॅनमध्ये एकटाच बसला होता. मला बघून खाली उतरला. माझ्या हातातलं पाकीट त्यानं पाहिलं. त्याला कळलं.

"मला वाटलं होतं तुम्ही दफनाच्या दुसऱ्या दिवशी याल," तो म्हणाला. "मी त्या शुक्रवारी दिवसभर इथे होतो. डेक्लन व्हॅन घेऊन येईल म्हणून वाट बघत होतो. मी स्वतः चढवून दिली असती दारं. त्याचं तरी नुकसान व्हायला नको होतं."

"तुझी आई गेली होती ना," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर काहीच समजल्याचं दिसेना. "पण तिचं तर गुरुवारी झालं सगळं."

घरी येऊन श्रीकांतला सगळं सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अगं पण शुभदा, त्यांच्यात तेरावा असतो कुठे?" नसतो. महिन्यानं एक प्रार्थना असते म्हणे. नशीब ते मला तेव्हा माहीत नव्हतं, नाहीतर मी महिनाभर थांबले असते.

बुडालेल्या कंपनीकडून कोणाला किती येणं आहे त्याची लांबलचक यादी निघाली. त्यात आमचं नाव खाली कुठेतरी होतं. बँकेचं झाल्यावर खालच्यांना काही उरलं नाही. कायद्याच्या चारही काठ्या माझ्या हातात होत्या, पण मारायला समोर कोणी राहिलंच नव्हतं. डेक्लननं जादा घेतलेली चार माणसं काढली, मग पॉडीलाही. पॉडी गॉलवेला गेला. मागचं शेत विकलं, मुलगी ऑस्ट्रेलियाला निघून गेली. वर्कशॉप कसंबसं चाललं. डेक्लननं मला एका शब्दानं विचारलं नाही. त्याच्या हिशेबी पत्रं वेळेवर गेली होती आणि फिंटननं ती केराच्या टोपलीत टाकली होती. फिंटन रस्त्यात दिसला की डेक्लन तोंड फिरवायचा. तेही माझ्यामुळेच. मी दर सोमवारी ठरवायची, आज सांगायचं. शुक्रवार यायचा. अशी वर्षं गेली, आणि ड्रॉवरमधली ती पाकिटं मी शेवटपर्यंत फाडली नाहीत.

मग डेक्लन विसरायला लागला. आधी मापं, मग माणसांची नावं. वर्कशॉप बंद झालं, मी निवृत्त झाले. त्याची बायको आधीच गेलेली. मुलीनं ऑस्ट्रेलियातून सगळी व्यवस्था केली आणि त्याला गावाजवळच्या नर्सिंग होममध्ये ठेवलं. गावाजवळ नर्सिंग होम एकच आहे. दुसऱ्या कोणीतरी ते बांधून पुरं केलं होतं. त्याची खोली तिसऱ्या मजल्यावर.

मी दर मंगळवारी जाते. पहिल्या दिवशी त्यानं मला नीट ओळखलं नाही, पण दार ओळखलं. उठला, बिजागरीच्या कडेवरून अंगठा फिरवला. "हे आपलं," तो म्हणाला. मग विचारलं, "याचे पैसे दिले का गं युअर मॅननं?"

पहिले काही मंगळवार मी म्हटलं, "ग्रँड." मग एकदा माझंच मला सहन झालं नाही. त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि सगळं सांगितलं. लोखंडवाला, आई, चप्पल, ड्रॉवर, पेन्सिलीचं टिंब. तो लक्ष देऊन ऐकत होता. शेवटी इतका भडकला की नर्स धावत आली. "माझ्या पोरीचं शेत!" तो ओरडत होता. मी रडत रडत घरी गेले. वाटलं, संपलं. हीच शिक्षा, आणि बरोबरच आहे.

पुढच्या मंगळवारी त्याला काही आठवत नव्हतं. "पैसे दिले का युअर मॅननं?" मी परत सांगितलं. या वेळी तो पोट धरून हसला. "तेरा दिवस! फिंटनच्या आईचे! अगं, फिंटन स्वतः तीन दिवसांत पबमध्ये डार्ट्स खेळत होता!" त्यापुढच्या मंगळवारी तो हसलाही नाही आणि चिडलाही नाही. माझा हात धरून म्हणाला, "बरोबर केलंस. घरात मढं असताना पत्र नसतं द्यायचं." कायद्यातला निवाडा करणारा महिन्याभरात एक निर्णय देतो आणि तो पाळावा लागतो. मला दर मंगळवारी नवा निर्णय मिळतो. यातला कुठला धरायचा, हे मी कोणाला विचारू?

गेल्या मंगळवारी त्याची तब्येत छान होती. दाढी केलेली, कोट घातलेला. मी बसायच्या आत म्हणाला, "आज शुक्रवार ना?"

मला काय झालं कोण जाणे. मी म्हटलं, "हो, शुक्रवार."

"गाडी आणलीस?"

"आणलीय."

"मग चल. ती दारं घेऊन येऊ. अजून भिंतीलाच आहेत ना?"

तो उठला. मी त्याच्या काखेत हात घातला. दोघं चालत दारापर्यंत गेलो. मला खरंच वाटायला लागलं की खाली व्हॅन उभी आहे, आणि आपण वेळेत पोचलोय. त्यानं दाराच्या कडेला हात लावला, उचलायला वाकला, आणि थांबला. बोटं बिजागरीवर गेली. एक स्क्रू, दुसरा, तिसरा. त्यानं दार थोडं उघडलं, सोडलं. ते आपोआप, हलक्या हातानं मिटलं.

"अरे," तो म्हणाला. "हे तर बसवलंय."

"हो, डेक्लन."

"कोणी, पॉडीनं?"

"पॉडीनं."

त्यानं परत एकदा उघडून सोडलं. कान लावून ऐकलं. "छान बसवलंय," तो म्हणाला. "मग राहू दे. आता ते इथलंच." आणि माझ्याकडे वळून अगदी पूर्वीसारखं हसला. "जा घरी, शुबा. श्रीकांतची ट्रेन यायची वेळ झाली."

त्याला श्रीकांतचं नाव आठवलं होतं. मी त्याला खुर्चीत बसवलं, पांघरूण दिलं. डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं, पण कित्येक वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. म्हटलं, हाच निर्णय धरायचा. हाच खरा. कोट घातला आणि बाहेर पडले. दार माझ्यामागे आवाज न करता मिटलं.

चार पावलंही गेले नव्हते. आतून हाक आली, त्या दुपारी शेडमधून आली होती अगदी तशीच.

"शुबा, ती पत्रं गेली ना?"

कॉरिडॉरमध्ये कोणी नव्हतं. जिना समोरच होता. मी मागे फिरले, दार ढकललं आणि आत जाऊन खुर्ची ओढली.

"नाही, डेक्लन," मी म्हटलं. "नाही गेली."